इंडिकेची वाकळ

कोल्हापुरात थंडी पडते का, यावर गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर अजून एकमत नाही. जानेवारीच्या पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी बाराला टेकतो आणि दुपारी पुन्हा तिशीच्या घरात जाऊन बसतो. एवढ्यावर हुडहुडी भरणारा माणूस एक तर मुंबईचा पाहुणा असतो, नाही तर आमच्या गल्लीतले आबा.

आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत; पाणी चढलं की ते आपोआप उघडतात. ते आपोआप उघडतील ना, या काळजीत आबांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर एवढी काळजी ठेवायची कुठं? दारात डिझेल इंडिका होती, तिच्यात ठेवली.

तरी सगळं बेतात होतं. मग लेक लग्न करून कॅनडात विनिपेगला गेली. तिथं थंडीत उणे तीस म्हणजे काही नवल नाही. जावयांनी एकदा व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बॉनेटच्या जाळीतून विजेची पिन लोंबत होती. रात्री ती सॉकेटमध्ये खुपसायची, आतला हीटर इंजिनातलं पाणी गरम ठेवतो, म्हणून सकाळी गाडी चालू होते. आबांनी ते पाहिलं आणि त्या रात्री ते झोपले नाहीत. आपली इंडिका उघड्यावर होती!

दुसऱ्या दिवशी उद्यमनगर. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या त्या वसाहतीत ‘होत नाही’ म्हणायची पद्धत नाही. मिस्त्री म्हणाला, “नमुना आणा आबा, बनवून देतो की. पर इथं तेचं करायचं काय?”

“इंजिन गारठतंय.”

“इंजिन न्हाई आबा, तुम्ही गारठलाय. च्या घ्या.”

हीटर राहिला, पण बाकीची तयारी कोजागिरीनंतर दरवर्षी होतेच. आधी कूलंट. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, मापानं. हे मिश्रण उणे पस्तीसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. म्हणजे उद्या पंचगंगा गोठली आणि माणसं चालत पलीकडं जाऊ लागली, तरी आबांचा रेडिएटर शाबूत. मिस्त्रीचं म्हणणं, कूलंट हवंच, पण ते गंज धरू नये आणि एप्रिलात घाट चढताना पाणी उकळू नये म्हणून. आबांना एप्रिल मान्यच नाही.

मग बॅटरी. गारठ्यात तिची ताकद उतरते आणि ऑइल दाट झाल्यानं स्टार्टरला जोर जास्त लागतो, हे खरंच आहे. फक्त त्यासाठी जो गारठा लागतो तो इकडं येत नाही. तरी आबा टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतात, जुन्या टूथब्रशनं घासतात आणि करंगळीनं व्हॅसलिन लावतात. हे व्हॅसलिन आबांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकींचं. टाचांच्या भेगांसाठी आणलेल्या डबीत मधोमध करंगळीएवढा खड्डा दिसला, की काकी ओळखतात: थंडी आली.

“माझ्या टाचा राहू देत,” काकी म्हणतात, “तिचं टर्मिनल मऊ पडू दे.”

टायरची हवा तर दोनदा. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की हवा साधारण एक पौंडानं कमी दाखवते, म्हणून दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांतही न थिजणारं डिझेल काढलं, ती बातमी आबांनी कापून पाकिटात ठेवली आहे. पंपावर त्यांनी ती पोराला दाखवली. पोरानं शांतपणे वाचली आणि विचारलं, “आबा, साध्यातलं कितीचं टाकू?”

रात्री इंडिकेवर वाकळ पडते. काकींच्या सासूबाईंनी शिवलेली, नऊवारी लुगड्यांची. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून निपाणी तंबाखूची पुरचुंडी. आणि पहाटे साडेपाचला मुख्य सोहळा. वाकळ उतरते, किल्ली अर्धी फिरते, डॅशबोर्डवर हीटरचा पिवळा दिवा लागतो. हा मात्र खरा हीटर. डिझेल पेट घ्यावं म्हणून आतला प्लग तापवणारा. दिवा विझायला काही सेकंद लागतात. आबा स्वेटर, मफलर, माकडटोपीत डोळे मिटून बसतात. दिवा विझतो. “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” इंडिका एका झटक्यात चालू होते आणि तिच्याबरोबर अख्खी गल्ली. मग आबा गाडी बंद करतात आणि रंकाळ्याला चालायला जातात. एवढ्या थंडीत गाडी कोण बाहेर काढतो?

एका बाबतीत मात्र मी आबांना हसत नाही. ऊस हंगाम सुरू झाला, की पहाटे पंचगंगेच्या काठानं धुकं बसतं आणि त्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागं दिवा नसताना सरपटत असतात. आमच्याकडच्या थंडीत जीव घेण्यासारखं काही असेल तर ते एवढंच. आबांच्या डिकीत लाल रेडियमची गुंडाळी असते. दुपारी कारखान्याबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली की आबा खाली उतरतात, मफलरनंच फळीवरची धूळ पुसतात आणि पट्ट्या चिकटवत जातात. ट्रॅक्टरवाले आधी ओरडायचे. आता हाक मारतात, “आबा, हिकडची ऱ्हायली!”

गेल्या डिसेंबरात लेक-जावई आले. पहाटे आणायला जायचं म्हणून आबांनी रात्रीच तीनदा इंडिका चालू करून पाहिली. स्टेशनवरून जावई बाहेर आले ते अर्ध्या चड्डीत आणि टीशर्टवर. गाडीत बसले, चारी काचा खाली केल्या, तरी रुमालानं मान पुसत राहिले. गाडी दाभोळकर कॉर्नरला येईपर्यंत त्यांनी धीर धरला.

“आबा, एसी लावता का जरा?”

आबांनी माकडटोपी कानांवर आणखी खाली ओढली. “त्याचा पट्टा काढून माळ्यावर ठेवलाय, पाव्हणं. थंडीत उगंच झिजतोय.”