उत्तर आहे, रीत कुठे?

मैत्रिणीची मुलगी कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करते. कांद्यावर तिचा प्रयोग आहे. १२ ट्रीटमेंट, प्रत्येकीचे ४ प्लॉट, एकूण ४८. कुठल्या प्लॉटला कुठलं खत द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. कुठून किती किलो कांदा निघाला, ते सगळं एक्सेलच्या एका फाइलीत, प्लॉटच्या क्रमाने. मे महिन्यात ती रडवेली होऊन घरी आली. खताचा आणि उत्पादनाचा काही संबंधच दिसेना. शेतात उभं राहिल्यावर जो फरक डोळ्यांना दिसत होता, तो फाइलीतून गायब झाला होता.

झालं होतं एवढंच की उत्पादनाचा रकाना कुणीतरी चढत्या क्रमाने लावला होता. फक्त तोच रकाना. शेजारचे रकाने जागच्या जागी. बाजूचे रकानेही सोबत हलवायचे का, असं एक्सेल विचारतं. पण घाईत आपण काहीतरी दाबतो आणि पुढे जातो.

आता यातली खरी गोम बघा. ४८ आकडे होते तसेच राहिले. बेरीज तीच. सरासरी तीच. सर्वांत मोठा आकडा तोच, सर्वांत लहान तोच. एका प्लॉटचा कांदा दुसऱ्याच्या नावावर गेला, आणि ताळा मात्र बिनचूक जुळला! आणि समजा, ओळी प्लॉटऐवजी ट्रीटमेंटच्या क्रमाने लावलेल्या असत्या, तर आणखी वाईट झालं असतं. शेवटच्या ट्रीटमेंटला आपोआप भरघोस यश मिळालं असतं. प्रबंध मान्य झाला असता, शिफारस छापली गेली असती, आणि एखाद्या शेतकऱ्याने त्या भरवशावर खत विकत घेतलं असतं.

स्प्रेडशीटचा जन्म हिशेबासाठी झाला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला ती सुचली, बॉब फ्रँकस्टनसोबत त्याने ती घडवली आणि १९७९ साली व्हिजिकॅल्क बाजारात आलं. एक आकडा बदला, खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलतात. कीर्द-खतावणी करणाऱ्यासाठी हे वरदान होतं आणि आजही आहे. पण हिशेबात ताळा जुळला की निम्मी काळजी मिटते. सांख्यिकीत ताळा जुळून काहीच मिटत नाही. तिथला प्रश्न बेरजेचा नसतोच, कुठला आकडा कुणाच्या शेजारी बसला आहे याचा असतो. हिशेबाच्या वहीला तो प्रश्न पडत नाही, म्हणून ती उत्तरही देत नाही.

स्प्रेडशीटमध्ये दडलेल्या अशा चुकीची झळ साऱ्या जगाला पोचली आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक लेख लिहिला. सरकारी कर्ज देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर कोसळतो, असं त्यात होतं. अशा देशांचा सरासरी वाढीचा दर त्यांनी काढला उणे ०.१ टक्का. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी या संशोधनाचा दाखला दिला, अमेरिकेत रिपब्लिकन नेते पॉल रायन यांनी दिला. खर्च कापा, कर्ज उतरवा, नाहीतर बुडाल, असं सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हा आकडा होता.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संकुलात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी होता. नावाजलेला लेख घ्या आणि त्याची उत्तरं स्वतः काढून दाखवा, असा वर्गातला गृहपाठ. त्याने हा लेख घेतला. उत्तर काही येईना. शेवटी त्याने लेखकांकडेच मूळ फाइल मागितली, आणि ती त्यांनी पाठवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. फाइलीत सरासरीचं सूत्र ३०व्या ओळीपासून ४४व्या ओळीपर्यंत ओढलेलं होतं. जायला हवं होतं ४९व्या ओळीपर्यंत. २० देशांपैकी ५ देश सरासरीबाहेर राहिले होते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३च्या एप्रिलमध्ये हे प्रसिद्ध केलं. त्यांचा दुरुस्त आकडा अधिक २.२ टक्के.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवून सांगितली जाते: ओळी सुटल्या म्हणून जग फसलं. तसं सांगणं अन्यायाचं आहे. ओळी सुटल्यामुळे पडलेला फरक साधारण ०.३ टक्क्याचा. मोठा फरक पडला तो दुसऱ्या दोन गोष्टींमुळे. काही देशांची काही वर्षं हिशेबात धरलीच नव्हती. आणि प्रत्येक देशाला सारखंच वजन दिलं होतं. न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचं, आणि ब्रिटनची १९ वर्षं, हे दोन्ही सरासरीत समसमान. असं वजन द्यावं की नाही यावर अभ्यासक वाद घालू शकतात. घालावाच. पण फाइल हाती येईपर्यंत तो वाद घालणार कसा? चूक कबूल झाली, तरी तीन वर्षं ती रकान्यामागे दडून बसली होती. दिसत होतं ते फक्त उत्तर.

मराठी शाळेत गणिताचे मास्तर काय सांगायचे? नुसतं उत्तर लिहिलंस तर एक गुण, बाकीचे गुण रीतीचे. स्प्रेडशीट उत्तर दर्शनी खोलीत मांडते आणि रीत माळ्यावर टाकते. एकेका चौकटीवर जाऊन टिचकी मारा, तेव्हा सूत्र दिसणार. हजार चौकटी असतील तर हजार टिचक्या. कोण मारणार? आणि कुणी सूत्रावर आकडाच टंकून ठेवला असेल तर टिचकी मारूनही काही कळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

बाकीचे दोष तुलनेने किरकोळ. १६ अंकी क्रमांक टाका, शेवटच्या अंकाचं शून्य होतं, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच खरं धरून ठेवतं. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, शून्य मात्र धरलं जातं. म्हणजे 'मोजलं नाही' या अर्थाने कुणी ० टाकलं की सरासरी खाली. मजकूर म्हणून साठवलेला आकडा बेरजेतून गुपचूप वगळला जातो. प्रमाण विचलनाचं जे सोपं सूत्र आपण बारावीत पाठ करतो, वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करण्याचं, त्याच धाटणीचं सूत्र एक्सेल अनेक वर्षं वापरत होतं आणि मोठ्या आकड्यांवर चुकीची उत्तरं देत होतं. ते २००३च्या आवृत्तीत सुधारलं, म्हणून त्याबद्दल आज ओरड करण्यात अर्थ नाही.

जनुकांची गोष्ट मात्र सांगायला हवी. 'सेप्ट२' नावाचं जनुक होतं, 'मार्च१' नावाचंही होतं. नावं टंकली की एक्सेल त्यांच्या तारखा करतं: २ सप्टेंबर, १ मार्च. २००४ साली शास्त्रज्ञांनी धोक्याची सूचना छापली. २०१६ साली एका ऑस्ट्रेलियन गटाने तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही मोडतोड सापडली. अखेर २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सेप्टिन२, मार्चएफ१. माणसाच्या पेशीत लाखो वर्षं नांदणाऱ्या वस्तूने एका कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे नाव टाकलं. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय दिली ती २०२३ साली.

त्याच २०२०च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून निसटले. प्रयोगशाळांची माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत भरली जात होती. अशा फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, आणि एकेका चाचणीला अनेक ओळी लागत होत्या. फाइल भरली आणि पुढची माणसं बाहेर राहिली. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम तितके दिवस लांबलं. मडकं भरलं की पाणी निदान सांडताना दिसतं, इथे तेही दिसलं नाही.

आपल्याकडे आकड्यांच्या बाबतीत एवढी बेफिकिरी मुळात नव्हती. बंगालमधल्या तागाची पाहणी करताना सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवत आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवून चूक किती ते ताडून बघत. साताऱ्याकडचे आपले सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा त्यांच्याशी मोठा वाद झाला. पीक कापून मोजायचा तुकडा केवढा असावा? महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. दोन मोठी माणसं एका तुकड्याच्या मापावरून भांडू शकली, कारण दोघांची रीत कागदावर होती आणि तिसऱ्यालाही वाचता येत होती.

आज ती सोय फुकट मिळते. ऑकलंडमधल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेली 'आर' ही संगणकभाषा कुणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतं. पायथन आहे. यांत काम करताना प्रत्येक पायरी ओळीने लिहावी लागते: ही फाइल उघडली, हे प्लॉट वगळले, अमुक कारणाने वगळले, मग सरासरी काढली. मूळ आकड्यांना हात लागत नाही. चुका इथेही होतात, भरपूर होतात. पण त्या लिहिलेल्या असतात. परीक्षक वाचू शकतो, दोन वर्षांनी तुम्ही स्वतः वाचू शकता. माहिती भरायला एक्सेल खुशाल वापरा, त्याहून सुटसुटीत मलाही काही माहीत नाही. मात्र जिल्ह्याच्या आरोग्याचा, पिकाच्या शिफारशीचा, एखाद्या औषधाचा निर्णय ज्या आकड्यावर ठरणार आहे, त्या आकड्यासोबत रीतही जोडलेली असावी, अशी अट विद्यापीठं आणि सरकारी खाती का घालत नाहीत? याला पैसे लागत नाहीत. एका परिपत्रकाचं काम आहे.

कांद्याचं काय झालं ते राहिलं. फाइलीतून जुना क्रम परत मिळण्याचा मार्ग नव्हता. पण त्या मुलीने काढणीच्या वेळी शेतात बसून एक वही भरली होती, मातीच्या बोटांचे डाग असलेली. प्लॉट क्रमांक, वजन, तारीख. दोन दिवस बसून तिने ४८ आकडे पुन्हा भरले, या वेळी मी वाचत होते आणि ती टंकत होती. २३व्या प्लॉटपाशी आम्ही थांबलो. तिथे आधीचा आकडा एका आडव्या रेघेने खोडलेला होता, खाली नवा लिहिलेला, बाजूला वजन करणाऱ्या मजुराचं नाव आणि तिची सही. रेघेखालचा जुना आकडा अजून स्वच्छ वाचता येत होता.