क्लचचं पेडलच नाही, तरी पाय माझाच चुकला?

मा. वर्क्स मॅनेजर साहेब,
अधिकृत सर्व्हिस सेंटर, पुणे.



माझी गाडी तुमच्या वर्कशॉपमधून पुन्हा एकदा घरी आली. धुऊनपुसून आली, पायाखाली कागद अंथरून आली. सोबतच्या जॉब कार्डावर ओळ होती : ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही.’ त्याच संध्याकाळी ती हिंजवडीच्या गर्दीत पूर्वीसारखीच थरथरली. तुमच्या काउंटरवर तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, हे एव्हाना कळलं आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी तक्रार नीट ऐकून घ्या, कारण तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने ती कधी पूर्ण ऐकलेली नाही. सकाळी गाडी गुणी असते. संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यावर पहिला अर्धा तासही बरा जातो. मग वाकडच्या अलीकडे रांग लागते. पुढची बस दोन हात सरकते, मी ब्रेकवरचा पाय उचलते, गाडी पुढे घेते, आणि पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना फ्लोअरखालून घरघर उठते. ती सीटच्या पाठीतून थेट मणक्यात जाणवते. कप होल्डरमधली स्टीलची बाटली प्लास्टिकवर टकटक वाजत राहते. दुसरा गिअर पडतो तो हिसका देऊन. मागे बसलेल्या सासूबाई पुढची सीट दोन्ही हातांनी धरतात. त्यांच्या मानेला पट्टा आहे. चौकात वळताना तर याहून वाईट. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी जागीच थांबते आणि समोरून डंपर येत असतो. गाडी अजून वॉरंटीत आहे आणि तिला अठरा लाख मोजले आहेत.

यावर तुमच्या माणसाने काय विचारलं? माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, “गाडी मॅडम चालवतात का?” आणि मग निकाल दिला : ड्रायव्हिंग स्टाईल.

मॅनेजरसाहेब, या गाडीत क्लचचं पेडल नाही. क्लच कधी दाबायचा, कधी सोडायचा, किती घसरू द्यायचा, हे सगळं गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो. मॅन्युअल गाडीत एखाद्याने क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली आणि प्लेट जाळली, तर दोष त्याच्या पायाला देता येतो. इथे माझा पाय क्लचपर्यंत पोचतच नाही. जो भाग तुमच्या कंपनीने बनवला, ज्याला चालवणारं सॉफ्टवेअर तुमच्या कंपनीने लिहिलं, तो चुकला की चूक माझी? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुमच्या काउंटरवर फ्रेम करून लावा.

ऑटोमॅटिकच्या चालकाच्या हातात एक गोष्ट नक्की असते. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली तर क्लच तापतो, आणि तसं करू नका असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते मी वाचलं आहे आणि पाळते. तुम्हाला शंका असेल तर स्कॅनर लावा. क्लचचं तापमान, घसरण, कॉम्प्युटरने शिकून साठवलेली मूल्यं गाडीतून वाचता येतात. पण तुमच्या माणसाने स्कॅनर लावायच्या आधीच आरोप ठेवला. आकडे बघितले असते तर त्यांच्यावर वाद घालता आला असता. ‘मॅडम चालवतात का’ याच्यावर कसला वाद घालायचा?

ही थरथर कुठून येते ते तुमच्या मेकॅनिकला माहीत आहे. गिऱ्हाइकालाही माहीत असावं, म्हणून लिहिते. माझ्या गाडीत ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे, म्हणजे त्यात दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच जोडून ठेवलेला असतो. बदलताना एक क्लच सोडायचा, दुसरा धरायचा, एवढंच. मोकळ्या रस्त्यावर हे काम इतकं सफाईने होतं की गिअर कधी बदलला ते कळतही नाही. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल उष्णता वाहून नेतं. माझ्या गाडीत ते सुके आहेत, त्यांना गार करायला फक्त हवा आहे. माणसाच्या चालीने सरकणाऱ्या रांगेत क्लच पूर्ण धरतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, सतत घासत राहतो. प्लेट तापते, ग्लेझ होते म्हणजे काचेसारखी गुळगुळीत होते, आणि मग सलग घसरण्याऐवजी धर-सोड करायला लागते. क्षणात पकडते, क्षणात निसटते, पुन्हा पकडते. ती धर-सोड म्हणजेच मला जाणवणारी थरथर. कधी सील गळून प्लेटवर तेल उडतं, तरीही हेच होतं. कधी नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून, क्लचची जुळणी नव्याने शिकवून काम भागतं. कधी अख्खा क्लच संच बदलावा लागतो. यातलं नेमकं काय झालं आहे हे शोधणं, हाच तर तुमचा धंदा आहे.

आणि तुम्ही शोधता कसं? सकाळी साडेनऊला, रात्रभर उभी राहून गार झालेली गाडी, वर्कशॉपमागच्या मोकळ्या रस्त्यावर, पाच मिनिटं. जो दोष क्लच तापल्यावर येतो तो तुम्ही गार क्लचवर शोधता. असा दोष सापडणारच नाही आणि तो सापडू नये अशीच ही व्यवस्था आहे, असं माझं मत झालं आहे. ताप संध्याकाळी चढतो असं सांगणाऱ्या पेशंटला रोज सकाळीच तपासून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. वॉरंटीमुळे मला मात्र तुमच्याकडेच यावं लागतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

तुमचं दुसरं ठरलेलं वाक्य, “या मॉडेलला असंच असतं, मॅडम, नॉर्मल आहे.” हे वाक्य तुमच्या आधी मोठमोठ्यांनी वापरून पाहिलं आहे आणि त्यांचं काय झालं तेही सार्वजनिक आहे. फोर्डचा पॉवरशिफ्ट हा सहा गिअरचा, सुक्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. तो फिएस्टा आणि फोकसमध्ये जगभर विकला गेला. आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकलाही तोच होता. ऑस्ट्रेलियात लोक थरथरीच्या तक्रारी घेऊन गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की, ही तुमच्या चालवण्याची पद्धत आहे. शब्दन्‌शब्द तुमचाच. गाडी बदलून मागितली तर बहुतेकांना वर भरीव रक्कम भरायला सांगितली. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला कोर्टात खेचलं. एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने फोर्डच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. तो दंड गिअरबॉक्स वाईट बनवला म्हणून नव्हता. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांशी कंपनी जशी वागली, त्या वागण्याचा तो दंड होता. हे वाक्य तुमच्या ॲडव्हायझरला दोनदा वाचून दाखवा.

अमेरिकेत याच गिअरबॉक्ससाठी २०१४ मध्ये क्लच आणि सीलची वॉरंटी सात वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली, आणि कंट्रोल मोड्यूलची दहा वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत. जे ‘नॉर्मल’ असतं त्याची वॉरंटी कुणी वाढवत नाही. भारतातल्या इकोस्पोर्टमध्येही २०१७ च्या नव्या आवृत्तीत दुहेरी क्लच जाऊन तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आला.

“आपल्याकडचं ऊन आणि ट्रॅफिक बघा ना,” असंही तुम्ही म्हणता. बघते की. ऊन आणि ट्रॅफिक गाडी विकतानाही होतं. शोरूममधल्या तुमच्या पोराने ‘सिटी ट्रॅफिकला ऑटोमॅटिकच घ्या’ म्हणूनच मला ही गाडी दिली. शिवाय हवामान हे कंपनीसाठी निमित्त होऊ शकत नाही, काम असतं. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या सुक्या क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल मार्च २०१३ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात तक्रारी दाखवल्या, आणि त्याच महिन्यात कंपनीने तिथल्या ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षाच्या शेवटी गरम आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो असं सांगून जगभरातल्या १६ लाख गाड्यांत तेल बदलून खनिज तेल घालायचं ठरवलं. तो दोष माझ्या गाडीतल्या दोषाहून वेगळा होता. पण हवा गरम आहे म्हणून गिऱ्हाइकाने गप्प बसावं, असं तिथे कुणाला म्हणता आलं नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर त्यांनीही फार निर्धास्त राहू नये. तिथे लॉक-अप क्लच असतो आणि गिअरबॉक्सचं तेल बिघडलं की बेताच्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर तोही थरथरतो. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये हेच झालं. तेल ओलावा धरत होतं. जुनं तेल पूर्ण काढून वेगळ्या प्रतीचं तेल भरणं, हा इलाज कंपनीनेच काढला. कारण सापडलं, कारण ते शोधलं गेलं.

आता मला काय हवं ते सांगते. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी साडेसहाला घ्या, हिंजवडी ते वाकड, स्कॅनर लावून, तुमचा सगळ्यात जाणता मेकॅनिक माझ्या शेजारच्या सीटवर बसवून. क्लचच्या तापमानाचे आणि घसरणीचे आकडे छापून मला द्या. जॉब कार्डावर माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहा. ‘जनरल चेकअप’ लिहून माझी सही घेऊ नका. सॉफ्टवेअर अपडेट केलं तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन लिहून द्या. क्लच काढला तर जुनी प्लेट मला दाखवा. आणि हे ‘नॉर्मल’ आहे असं तुमचं ठाम मत असेल, तर तेवढंच लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून, खाली सही करा. तोंडी इतक्या सहज म्हणता ते कागदावर उतरवायला तुमचा हात का अडतो, हे मला कळतं. तो कागद पुढे कुठे जाईल ते तुम्हालाही कळतं.

तो जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते तिथल्या आयोगात मला तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. १० ते २० लाखांच्या वस्तूला फी ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा अधिकार आयोगाला आहे. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणत तुम्ही जे दिवस ढकलता ते त्या मुदतीतूनच वजा होतात आणि तिकडे वॉरंटीही संपत येते. तुम्ही गाडी दुरुस्त करत नाही, गिऱ्हाईक थकवता. मी थकणार नाही. मला कोर्टकचेरीची हौस नाही, मला धड चालणारी गाडी हवी आहे. पण वेळ आली तर ४०० रुपये भरायला मी मागेपुढे पाहणार नाही.

तुमच्या मेकॅनिकांवर माझा राग नाही. त्यातल्या एकाने, तुमचा ॲडव्हायझर फोनवर असताना, हळूच सांगितलं होतं, “ताई, क्लच तापल्यावर होतंय हे, गरम असताना घेऊन या.” त्याला आजार कळला होता. तो लिहायची परवानगी त्याला नव्हती, आणि ती रोखणारे तुम्ही आहात. हे पत्र म्हणूनच तुमच्या नावे आहे.

ज्यांच्या गाड्या अशाच थरथरतात त्यांना एक विनंती : थरथर कधी, कोणत्या गिअरला, किती वेळ चालवल्यावर येते ते लिहून ठेवा, आरपीएमचा काटा दिसेल असा व्हिडिओ शेजारच्याला काढायला सांगा, आणि तक्रार शब्दन्‌शब्द उतरल्याशिवाय जॉब कार्डावर सही करू नका.

मॅनेजरसाहेब, सोमवारी संध्याकाळी साडेसहाला गाडी घेऊन तुमच्या दारात येते आहे. स्कॅनर चार्ज करून ठेवा.

आपल्याच वर्कशॉपची एक गिऱ्हाईक,
गाडी स्वतः चालवणारी