शनिवारच्या साहेबांस, मोहोपाड्याहून

प्रति,
श्रीमान शनिवारचे साहेब,
मु. दांडफाट्यावरून आत, 'निवांत' बंगला



साहेब, या शनिवारी आपण आला नाहीत. पाच किलो कोळसा, कासव छाप, पापडाची दोन पाकिटं आणि त्या चपट्या पावाचा पुडा, सगळं नेहमीप्रमाणे बाजूला काढून ठेवलं होतं. माल पडून राहिला त्याचं काही नाही. पण आपली मतं आली नाहीत, आणि ती ऐकल्याशिवाय गावात काय चाललंय हे आम्हांला कळत नाही हो. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी की आपणही जे बोलता ते दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, गल्ल्यावर कोपर टेकून बोलता.

आपल्याला इथं येऊन आठ वर्षं झाली. त्यातली पहिली तीन आपण माणिकगडाला कर्नाळा म्हणत होता. मी एकदा दुरुस्ती केली, तर आपण म्हणालात की नकाशात तपासून सांगतो. मग मी गप्प बसलो. आमच्या लहानपणी गुरं चरायला त्याच डोंगराखाली जायची, पण गुरांकडे नकाशा नव्हता.

आपलं पहिलं मोठं मत धुराबद्दल होतं. मार्च-एप्रिलचे दिवस होते, आपल्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याची दाढ भाजत होती, आणि आपण नाकाला रुमाल लावून दुकानात आलात. "दिल्लीसारखं करून ठेवलंय तुम्ही लोकांनी. पराली जाळायला बंदी आहे, माहीत आहे का?" पराली हा शब्द मोहोपाड्याच्या बाजारपेठेत पहिल्यांदा उच्चारला गेला तो दिवस बहुधा तोच.

साहेब, तो राब होता. भाताचं रोप जिथं करायचं तेवढ्याच तुकड्यावर, त्यालाच आम्ही दाढ म्हणतो, आधी शेण पसरायचं, त्यावर तोडून वाळवलेली कवळं, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा हात फिरवायचा. ती माती महत्त्वाची. ती नसेल तर भडका उडतो आणि पाच मिनिटांत खेळ खलास. माती टाकली की आग आतल्या आत धुमसत जाते, वाऱ्याच्या उलट दिशेनं, बोट बोट सरकत. शेजारी हातात ओला टहाळ घेऊन बांधावर उभा होता तो आपल्याला वाटलं तसा गंमत बघत नव्हता. ज्वाला वर आली की तिला खाली बसवत होता. असं भाजल्यानं तणाचं बी मरतं, जमीन मोकळी होते, राख मिळते. मग मृगात पेरलं की रोप असं येतं की लावणीला मूठभर उपटलं तर मुळं मातीसकट हातात येत नाहीत, सुटी येतात. आमच्या आज्यानं केलं, बापानं केलं.

आता गंमत पाहा. राब भाजू नका असं सांगणारा माणूस आमच्याकडे आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यातच, नेरळजवळ, सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे. त्यांची भातशेतीची पद्धत अशी की एकदा गादीवाफे केले की पुन्हा नांगरायचं नाही, चिखलणी नाही, रोप नाही, लावणीही नाही. बी थेट टोकायचं आणि मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. रोपच करायचं नाही म्हटल्यावर राब कशाला भाजतील? म्हणजे आपलं मत चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. उलट तेच मत, पुऱ्या वजनाचं, आपल्या बंगल्यापासून गाडीनं तासाभरावर, शेतात उभं होतं. आपण ते सोडून दिल्लीहून आणलंत, तेही मोबाइलवरून, आणि पोचेपर्यंत शिळं झालेलं. शेजाऱ्याला आपण नेरळला घेऊन गेला असता तर तो आला असता. गाडीत एसी आहे म्हणूनही आला असता.

कोंबड्याबद्दल मी फार बोलत नाही. पहाटे चारला आरवतो ही तक्रार आपण लेखी दिलीत, पंचायतीत शिक्का मारून घेतलात, त्याची पोच माझ्याच दुकानात झेरॉक्स केलीत, दोन रुपये. फ्रान्समध्येही असंच झालं होतं म्हणतात. एका बेटावर सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी मॉरिस नावाच्या कोंबड्यावर खटला भरला, आणि 2019 साली कोर्टानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला. 2021 मध्ये तर त्यांनी कायदाच केला की खेड्यातले आवाज आणि वास हा खेड्याचा ठेवा आहे. आमच्याकडे असा कायदा नाही. आमच्याकडे आपल्याच केअरटेकरनं दर शनिवारी दारोदार फिरून विचारायचं असतं, "गावठी आहे का गावठी? साहेबांकडे पाहुणे आहेत." तक्रारीतला कोंबडा तिसऱ्याच आठवड्यात निकाली निघाला. रस्सा चांगला झाला होता असं ऐकलं.

माझा भाचा बँकॉकला नोकरीला आहे. तो सांगतो, तिकडे गोऱ्या परदेशी माणसाला 'फरांग' म्हणतात. आपल्या फिरंगीचाच सख्खा भाऊ तो शब्द. आणि तिथं पेरूलाही फरांगच म्हणतात. आपण पेरू म्हणतो आणि तो नकाशात एक देश निघतो, ते वेगळंच. तर हे फरांग म्हणे संध्याकाळी थंड बाटली घेऊन बसतात आणि थायलंडचं काय चुकतं ते एकमेकांना सांगतात. रस्ते, पोलीस, भटकी कुत्री, हेल्मेट, सरकार. वीस वर्षं राहून थाई बोलता न येणारेही असतात, पण थाई लोकांनी काय करायला हवं ते सगळ्यांना येतं. मी भाच्याला म्हटलं, अरे, हे तर आमचे साहेब! फरक इतकाच की तिकडे परदेशी माणसाला आपल्या नावावर जमीन घेता येत नाही, आणि दर 90 दिवसांनी आपण कुठं राहतो ते सरकारला कळवावं लागतं.

आपल्यावर तशी सक्ती नाही. कायदा आमच्याकडेही आहे म्हणा, 1948 चा कुळकायदा, कलम 63. जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. पण आपण शेतकरी आहात. सातबाऱ्यावर नाव आहे. कुठल्या तरी जिल्ह्यात कुठल्या तरी काकांची कसली तरी जमीन निघाली, दाखला झाला, आणि आपण कागदावर आमचे भाऊबंद झालात. भाऊबंद म्हणून एक विचारतो, राग नसावा: लावणी कुठल्या नक्षत्रात करतात?

राग आपल्याला नदीचाही येतो. पाताळगंगेला वास मारतो, हे आपलं मत मात्र अगदी बरोबर आहे. प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत तिचं नाव येऊन गेलंय, आणि आम्ही ते नाकानं आधीच वाचलं होतं. माझं म्हणणं फक्त आपल्या पुढच्या वाक्यावर आहे: "तुम्ही लोक नदीत कपडे धुता ना, म्हणून." साहेब, ही नदी भर एप्रिलातही वाहते, कधी विचार केलात का, कशी? वळवण, लोणावळा, शिरोटा या घाटमाथ्यावरच्या तलावांतलं पाणी, जे खरं तर पलीकडे देशावर जायचं, ते टाटांनी पाइपांतून डोंगराखाली खोपोलीला आणलं. 1915 पासून त्यावर वीज होते. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीज करून झाली की ते पाणी आमच्या नदीत सुटतं, पुढं कारखाने ते उचलतात आणि वापरून झालं की परत देतात. म्हणजे आमची नदी आधी आपल्या मुंबईच्या कामाला जाते, मग आमच्याकडे येते. दमून आलेल्या माणसाला थोडा वास यायचाच. तसंच चौकजवळचं मोरबे धरण. आमच्या तालुक्यात, पाणी नवी मुंबईला. ते आपण एकदा मुद्दाम गाडी थांबवून पाहिलंत आणि "काय सुंदर तलाव आहे" म्हणालात.

कारखान्यांवरूनही आपण आम्हांला झापलं आहे. एवढ्या सुंदर निसर्गात तुम्ही रसायनं कशी येऊ दिलीत? बोलावलं नव्हतं हो. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 ची. तिच्यासाठी जमिनी गेल्या, आणि पुढं गावाला नावच पडलं, रसायनी. स्टेशनाच्या पाटीवरसुद्धा तेच. जमिनीच्या बदल्यात कुणाच्या घरात नोकरी आली, कुणाच्या नाही. आमचा बाजार मात्र त्या कॉलनीच्या पगारावर वाढला. एक तारखेनंतरचे पाच दिवस वडिलांना जेवायला घरी जाता येत नसे. डबा दुकानात यायचा आणि तराजूच्या बाजूला उघडा पडून गार व्हायचा. 2017 च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं इथला कारखाना बंद करायचं ठरवलं. रॉकेटच्या इंजिनाला लागणारं नायट्रोजनचं एक संयुग तिथं होतं, तेवढा एक विभाग इस्रोकडे द्यायचं ठरलं, बाकी संपलं. तेव्हा आपण नवीनच होता. पेपर बाजूला ठेवून म्हणालात, "बरं झालं, आता हवा सुधारेल. प्लॉटचे भावही." दुकानात त्या वेळी कंपनीतलाच एक जण उभा होता, उधारी किती झाली ते विचारायला आलेला. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं वही मिटवली आणि मुलाकडे कल्याणला गेला.

एका मतावर मात्र मला आजही हसता येत नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आपल्याच खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकर आदिवासींची वाडी. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्र चढवता येईना. पावसात, चिखलात माणसं पायवाटेनं चढत होती आणि हातांनी माती काढत होती. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं सापडलीच नाहीत आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. बाजारातनं आम्ही ब्लँकेटं, बिस्किटं, मेणबत्त्या पाठवत होतो. शनिवारी आपण आलात. कोळसा घेतलात आणि म्हणालात, "पण हे लोक डोंगरावर राहतातच कशाला?"

आपल्या बंगल्याच्या जाहिरातीचा कागद माझ्याकडे आहे. दुकानात वाटायला दिलेला गठ्ठा अजून संपला नाही, मी त्यात शेंगदाणे बांधतो. त्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'डोंगराच्या कुशीत हक्काचं घर'. ती कूस जेसीबीनं कापून सपाट केली तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो. ठाकर तिथं पिढ्यान् पिढ्या होते आणि त्यांनी डोंगर कापला नव्हता. आपल्याला हे उत्तर त्या दिवशी द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. सुटे पैसे दिले.

आता माझंही एक सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आपला बंगला आहे तिथं आमची दाढ होती. वडिलांच्या पश्चात मीच विकली. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. त्या पैशात बहिणीचं लग्न झालं, दुकानाला शटर आलं, फ्रीज आला. आपल्या बर्फाच्या पिशव्या त्याच फ्रीजमध्ये असतात. आणि मतांचं म्हणाल तर बँकॉकचा भाचा, ज्याला त्या फरांगांचं एवढं हसू येतं, तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला मोहोपाड्याचं काय चुकलं ते सांगतो. ट्रॅफिक, कचरा, दांडफाट्याचे खड्डे, आणि जवळ विमानतळ झाला तरी तुम्ही लोक अजून किराणाच विकताय! 'तुम्ही लोक' म्हणतो तो. मामाला.

तर कामाचं. खड्डे, कचरा, नदी यांबद्दल आपण जे बोलता त्यातलं निम्मं खरं असतं, आणि ते बोलायची एक जागा आहे: वासांबे-मोहोपाडा ग्रामपंचायतीची ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. चारही सुट्ट्या, चारही दिवशी आपण इथं असता. तंगड्यांची ऑर्डर आदल्या दिवशी येते, त्यावरून मला माहीत आहे. अडचण एवढीच की तिथं गावच्या मतदार यादीत नाव लागतं आणि आपलं नाव अंधेरीला आहे. शेतकरी इथले, मतदार तिथले. ते एकदा इकडे आणा. मग उभं राहून बोला, इतिवृत्तात नाव येईल. गणपूर्तीला शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते, एवढे लागतात. तेवढेही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. गेल्या खेपेला अशीच झाली.

मीही नव्हतो. आपण दुकानात होता, आणि राब-पराली पुन्हा निघाली होती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दुकानदार, मोहोपाडा बाजारपेठ

ता. क. – थंडीत आपल्याकडे पोपटीचा बेत आहे असं केअरटेकर म्हणाला. वालाच्या शेंगा सांगून ठेवतो. भांबुर्डीचा पाला विकत मिळत नाही, बांधावर उपटावा लागतो. शेजाऱ्याला विचारा, तो दाखवेल, त्याच्याच बांधावर आहे. मडक्यात पाणी घालायचं नाही, तेल नाही, आणि मागच्या वर्षी घातलं होतं ते चीज तर अजिबात नाही. हे माझं मत.