चौफुलीवर लावलेले आयकॉन

रिकाम्या न्हाव्याने कुडाला तुंबड्या लावल्या म्हणून कित्येक पिढ्या त्याची टिंगल चालली आहे. त्याची बाजू कोणी ऐकून घेतलेली नाही. कुडाने तक्रार केल्याचेही कोणी सांगत नाही. माणसाला तुंबडी लावली की रक्त येते, पैसे मागावे लागतात, उधारी राहते. कुडाचे तसे नाही. हत्यार चालते, हात सरावतो आणि नुकसान कोणाचेच होत नाही. मी वणीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतो आणि त्या न्हाव्याच्याच घराण्यातला आहे. पंधरा इंची पडदा हा माझा कूड. दोन आयकॉनमधले अंतर ही माझी तुंबडी.

लॅपटॉप जुना झाला, विंडोज धापा टाकू लागले, तेव्हा भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिले आणि वर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप बसवला. म्हणाला, ‘मामा, आता काम फटाफट होईल.’ कामाचे पुढे पाहू, पण पहिल्याच संध्याकाळी मला दिसले की ‘पीक विमा’ आणि ‘उत्पन्नाचे दाखले’ या दोन फोल्डरांमधली जागा उगाच जास्त आहे.

असे दिसणे हे एक भाग्य असते. विंडोजमध्येही हे अंतर बदलता येत असे. पण त्यासाठी रजिस्ट्री नावाच्या तळघरात उतरावे लागे आणि तिथे ते उणे 1125 असे लिहिलेले असे. उणे अंतर कसे दिसते हे सांगायला तळघरात कोणी बसलेले नसते. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर पट्टी सरकवली की आयकॉन जवळ येतात, लांब जातात. तिथल्या लोकांत त्यामुळे तप राहिलेले नाही.

एक्सएफसीईत तप आहे. लिनक्समध्ये ज्या नावाआधी टिंब असते ती गोष्ट लपलेली असते. त्या टिंबामागे कॉन्फिग हे फोल्डर, त्याच्या पोटात जीटीके-3.0, आणि त्यात जीटीके.सीएसएस ही फाइल. ही फाइल बहुधा नसतेच. आपणच जन्माला घालायची. तिच्यात तीन आकडे लिहायचे. सेल-स्पेसिंग म्हणजे दोन घरांमधला बोळ. सेल-पॅडिंग म्हणजे घराच्या आतली ओसरी. तिसरा आकडा आयकॉनच्या मानाने नावाला किती रुंदी द्यायची ते ठरवतो, आणि मराठी माणसाची खरी परीक्षा इथे होते. रुंदी कमी केली की ‘उत्पन्नाचे दाखले’चे दोन तुकडे होतात, बोळ अरुंद केला की वरच्या नावातल्या उकाराचा पाय खालच्या आयकॉनच्या डोक्यावर पडतो. आकडा बदलायचा, फाइल जतन करायची, एक्सएफडेस्कटॉपला निजवून पुन्हा उठवायचे आणि पडद्याला पट्टी लावून पाहायचे. पट्टी प्लास्टिकची, सहा इंची, लेकीच्या कंपासमधली. तिची भूमितीची परीक्षा होती त्या दिवशी थोडी बोलाचाली झाली.

मृगाच्या आधी शिरपूरकडचे एक काका सातबाऱ्यासाठी आले होते. बराच वेळ बाकावर बसून मग ते पडद्याजवळ आले.

‘काय करून रायला बाबू?’

‘अंतर लावून राहिलो काका.’

‘कायचं?’

‘या दोन चित्रांचं.’

काका जाणकार माणूस. हसले नाहीत. ‘चार बाय एक?’ त्यांनी विचारले.

मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि कपाशीचे सांगू लागले. दोरी धरून, खुणा करून, चौफुलीवर सरकी टोबली की उभे-आडवे दोन्हीकडून डवरा फिरतो, निंदणाचा खर्च वाचतो. भारी जमिनीत झाड फोफावते म्हणून अंतर जास्त, हलक्या जमिनीत कमी. ‘अंतर चुकलं त झाड झाडाले खाते. मंग बोंड भरत नाही. तुयाकडं चुकलं त काय होते?’

‘काहीच नाही होत, काका.’

‘मंग?’

त्यांच्या त्या ‘मंग’वर मी पुढे पुष्कळ विचार केला. कपाशीचे अंतर चुकले की वर्ष जाते. म्हणून शेतकरी घाबरत मोजतो, आणि घाबरत मोजणाऱ्याचा आनंद निर्मळ नसतो. आयकॉनचे अंतर मी आजवर दीडशे वेळा चुकलो असेन. पावसाने दगा दिला नाही, बोंडअळी आली नाही, सावकार दारात आला नाही. सातबारा जितक्या वेळात निघायचा तितक्याच वेळात निघतो, म्हणजे सर्व्हर चालू असेल तेव्हा. ज्या विद्येचा कशावरच परिणाम होत नाही ती विद्या शंभर टक्के आपल्या ताब्यात असते.

या विद्येत मोठमोठी माणसे होऊन गेली. 1996 साली मातियास एट्रिख हा जर्मन विद्यार्थी अस्वस्थ झाला, कारण पडद्यावरचा एक प्रोग्राम दुसऱ्यासारखा दिसत नव्हता. त्या अस्वस्थतेतून केडीई नावाचा डेस्कटॉप निघाला. त्याच वर्षी ऑलिव्हिये फूर्दांने एक्सएफसीई सुरू केले, पुढल्या वर्षी ग्नोम आले. एकाच अंगणासाठी तीन घरे. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असे नाही. 2011 साली ग्नोमने आपले रूप मुळापासून बदलले, तर अर्जेंटिनातल्या एकाने जुने ग्नोम उचलून माटे या नावाने वेगळी चूल मांडली. 2018 मध्ये ग्नोमवाल्यांनी डेस्कटॉपवर आयकॉन ठेवण्याची सोयच आपल्या फाइल मॅनेजरमधून काढली. घर बांधावे आणि अंगणावर स्लॅब टाकावा, तसे. 2019 च्या मे महिन्यात काही प्रोग्रामकर्त्यांनी जाहीर पत्र काढून विनंती केली की कृपा करून आमच्या प्रोग्रामांवर परस्पर थीम चढवू नका, त्याने मोडतोड होते. मी ते पत्र आदराने वाचले आणि त्याच दिवशी तीन नव्या थीम उतरवून घेतल्या.

थीमचा विषय वणीकराला शिकवावा लागत नाही. उकणी, निलजई, कोलारपिंपरीकडून कोळशाचे ट्रक निघतात आणि संध्याकाळपर्यंत टेबल, कीबोर्ड, पाण्याचा माठ, सगळ्यांवर डार्क थीम बसते. ती उतरवायला ओले फडके लागते. राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, तिकडून येणाऱ्याच्या चपलेवर लाइट थीम असते. एक्सएफसीईत मात्र खिडकीची चौकट एकीकडे निवडायची, आतले रंगरूप दुसरीकडे आणि आयकॉनचा संच तिसऱ्याच जागी. माझ्याकडे नऊ थीम, सहा संच, चार चौकटी आहेत. गुणाकार केला तर 216 जोड्या होतात. गिऱ्हाइकाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो ते वेळ काढायला म्हणतो असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. संचात एखादे चित्र नसले तर ते त्याच्या वडील संचाकडे मागितले जाते, तिथेही नसले तर शेवटी हायकलर नावाच्या कुलदैवताकडे. मी एकदा सगळा दिवस एका प्रिंटरच्या चित्राची ही वंशावळ शोधली. प्रिंटर बंदच होता.

आणि हे गाव काही उथळ नाही. लोकनायक बापूजी अणे 1880 साली इथेच जन्मले. लोकमान्यांचे चरित्र त्यांनी लिहिले ते संस्कृतात, तेही श्लोकांत. साध्या मराठी गद्यात लवकर उरकले असते. पण लघु-गुरूंचे अंतर जुळवण्यात त्यांनी उतारवय घातले, आणि 1973 मध्ये त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मरणोत्तर. माझेही मरणोत्तरच होईल असे घरचे म्हणतात. ‘जेवाले येता का चित्रंच मोजता?’ ही स्वयंपाकघरातून येणारी हाक. हाक मारणारी रोज पहाटे दोन बोटांच्या मापाने ठिपके टाकते, एक ठिपका हलला तर पूर्ण ओळ पुसते, आणि त्या रांगोळीवरून दूधवाला सायकल नेतो. मी त्यावर कधी काही बोललेलो नाही.

एक गोष्ट कोणालाही दिसत नाही, ती म्हणजे माझा डेस्कटॉप. दुकान उघडल्यापासून ब्राउझर पडदाभर पसरलेला असतो. शटर ओढल्यावर तो खाली करतो आणि दोन मिनिटे नुसता बघतो.

दिवाळीनंतर गिऱ्हाइकाला फॉर्म दिसावा म्हणून दुसरा, मोठा पडदा जोडला. एक्सएफसीई आयकॉनच्या जागा पडद्याच्या मापानुसार लिहून ठेवते; नवे माप पाहताच त्याने माझी तीन वर्षांची मशागत विसरून सगळे फोल्डर डाव्या कडेला ओळीने उभे केले, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. मी रागाने ती टिंबामागची फाइलच पुसली. डेस्कटॉप मूळच्या अंतरावर आला. पट्टी लावली. तीन वर्षे घासून घासून मी जिथे पोचलो होतो, नेमके तेच अंतर निघाले.

त्याच आठवड्यात काका कापसाच्या नोंदणीसाठी आले. काम झाल्यावर कागद घडी करून खिशात घातला, पडद्याकडे पाहिले.

‘आता कोणतं ठेवलं बाबू?’

‘पहिलंच, काका.’

काकांनी थोडा विचार केला. ‘जमीन हलकी असन मंग,’ म्हणाले, आणि उतरले.