चावीवाले सर

त्यांना आडनावाने हाक मारणारा शाळेत एकच माणूस होता, पगारबिलं करणारा क्लार्क. बाकी सगळ्या गावाला ते चावीवाले सर. ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. तिथल्या एका शाळेत मी बारा वर्षं मराठी शिकवलं आणि त्या बारा वर्षांत कॉम्प्युटर लॅबची चावी सरांच्या कंबरेखेरीज दुसरीकडे पाहिली नाही. लॅबला दोन कुलपं, एक ग्रिलला, एक दाराला. आतल्या दहा कॉम्प्युटरना मात्र कुलूप लावता येत नव्हतं, याची त्यांना मनापासून रुखरुख होती.

धास्ती अगदीच खोटी नव्हती म्हणा. समोरून जुना आग्रा रोड. गोडाऊनचे ट्रक आणि कंटेनर दिवसभर धूळ उडवत चाललेले. सरांनी भिवंडीतून कोरं ग्रे कापड आणून प्रत्येक मॉनिटरला, सीपीयूला, कीबोर्डला गवसण्या शिवून घेतल्या. माउसलासुद्धा, बाळाच्या टोपड्याएवढी. पस्तीस मिनिटांच्या तासात गवसण्या काढायला दहा मिनिटं, घड्या करायला पाच, परत चढवायला दहा. उरलेल्या दहा मिनिटांत संगणक शिक्षण.

"सर, यो माउस हलत नाय," एखादा पोरगा ओरडायचा.

"हलवू नकोस. बघ फक्त."

दारावर नियमावली होती, सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात. चपला बाहेर. पेनड्राइव्ह आणल्यास जप्त. ओल्या हाताने स्पर्श करू नये. नववा नियम: वॉलपेपर बदलू नये. तेव्हा सगळ्या मशीनवर विंडोज एक्सपी होतं, म्हणजे ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. एका सोमवारी गवसणी काढतात तर सातव्या मॉनिटरवर कार्ल्याची एकवीरा आई! वर्गातली निम्मी पोरं आगऱ्यांची, त्यांची ती कुलदेवता. सर माउसवर हात ठेवून उभेच. देवीला डिलीट कसं करायचं? शेवटी त्यांनी चपला बाहेर आहेत ना ते पाहिलं, हात जोडले आणि मधल्या सुट्टीत बोर्डावर ओळ वाढवली: '9 (अ) देवदेवता वगळून.' महिन्याभरात दहाही मशीनवर देव बसले. एका चतुर पोराने क्रिकेटवाला देव बसवला. त्याच्यावर बैठक झाली.

पण सरांचा खरा प्राण परवान्यात. प्रत्येक कॅबिनेटच्या कुशीला विंडोजचा स्टिकर असायचा, त्यावर पंचवीस अक्षरांची की, पाच-पाचच्या गटांत. अक्षरं पुसू नयेत म्हणून त्यांनी वरून सेलोटेप मारली होती. तेवढ्याने भागेना म्हणून दहाही किया पाठ केल्या. प्रार्थनेच्या वेळी पसायदानात अडखळणारा हा माणूस अडीचशे इंग्रजी अक्षरं न चुकता म्हणायचा, तीही मनात. ओठ तेवढे हलायचे. मशीन फॉरमॅट करताना मोठ्या बाईंनासुद्धा लॅबबाहेर उभं करायचे.

तेव्हा माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर जे काही होतं ते मुंबईच्या फुटपाथवरच्या सीडीतून आलेलं. तुमच्याकडेही तेच होतं, उगाच साळसूदपणा नको. एकदा स्टाफरूममध्ये मी हे फुशारकीने बोलून गेलो. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कॉपीराइट कायदा 1957. कलम 63 ब. माहीत असताना वापरलं तर कमीत कमी सात दिवस आत, जास्तीत जास्त तीन वर्षं. दंड 50 हजार ते 2 लाख." मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढे कधीतरी ते कलम मी स्वतः वाचलं. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट विशेष कारण देऊन कैद माफ करू शकतं आणि दंड 50 हजारांपर्यंतच ठेवू शकतं, असंही त्यात पुढे लिहिलंय. तेवढं वाक्य सर कधी म्हणाले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "ते तुमच्यासारख्यांना सांगायचं नसतं."

8 एप्रिल 2014 ला एक्सपीचे अपडेट बंद झाले. पोरं म्हणाली, सर, एक्सपी मेलं. "अपडेट बंद झाले. परवाना जिवंत आहे," सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण मशीनं कण्हू लागली होती. तेव्हा ठाण्याला नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी लिनक्सची सीडी घेऊन आला.

"परवाना कुठाय?"

"फुकट आहे, सर."

"म्हणजे चोरीचं."

केरळच्या सरकारी शाळांत हेच चालतं, इथपासून त्याने बिचाऱ्याने सगळं सांगून पाहिलं. सर हलेनात. मग त्याने जीपीएल हा परवानाच छापून आणला. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन माणसाने 1989 साली लिहिलेला, पुढे सुधारत गेलेला. सरांनी डिक्शनरी घेऊन तो दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आले ते चेहरा उतरवून.

"कॉपी करा म्हणतो हा," ते म्हणाले. "कॉपी करा आणि वाटा. लेखी आहे."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी पोरांचे कान पिळले, तिची लेखी परवानगी हातात आल्यावर माणसाचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. आठवडाभर ते कोणावर ओरडले नाहीत. मग परवान्याच्या पानापानावर त्यांनी मोठ्या बाईंची सही आणि शाळेचा गोल शिक्का घेतला. सीडी कॉपी करून नववीच्या दहा पोरांना वाटल्या, रजिस्टरला प्रत्येकाची सही घेऊन. आणि प्रत्येक सीडीवर मार्करने, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं: 'सत्यप्रत'.

त्यातला एक पोरगा आज काल्हेरकडच्या गोडाऊनमध्ये आहे. हातात स्कॅनर, समोर दोन मॉनिटर. परवा भेटला तेव्हा सांगत होता, शिफ्ट संपली की कीबोर्डवर रुमाल टाकतो. सुपरवायझर हसतो म्हणे.

जुन्या मशीनचं निर्लेखन झालं त्या दिवशी मी मुद्दाम शाळेत गेलो होतो. डेडस्टॉक रजिस्टरवर लाल शाईने काट मारून झाली होती. भंगारवाला टेम्पो लावून काटा घेऊन उभा. कॅबिनेट किलोवर चाललेले. सर सातव्या मशीनपाशी उकिडवे बसून स्टिकर नखाने काढत होते.

"सर, हा परवाना मशीनबरोबरच संपतो," मी म्हणालो. हेही त्यांनीच मला शिकवलं होतं.

"माहीत आहे हो."

तो स्टिकर धड निघत नाही, फाटावा असाच बनवलेला असतो. तसाच फाटला. दोन तुकडे हाती आले, मधला कॅबिनेटला चिकटून काट्यावर गेला. सरांनी खिशातली डायरी काढली, तुकडे अंतर सोडून चिकटवले, डोळे मिटले, आणि ओठ हलवत मधली पाच अक्षरं पेनने भरली.