श्वास रोखून कर्वे रस्ता

आमच्या घरात विकत आणलेल्या यंत्रांचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. रक्तदाबाच्या यंत्राने एकदा माझी नाडी लागत नसल्याचं सांगून मला जवळजवळ पोहोचवलंच होतं, आणि पोळ्या करायच्या यंत्रावर सध्या कोरफडीची कुंडी आहे. त्यामुळे हवेतले कण मोजणारा छोटा पांढरा डबा घरी आला, तेव्हा हिने किंमत विचारली नाही. "ठेवायचा कुठे?" एवढंच विचारलं.

हेतू मात्र थोर होता, बरं का. कोथरूडहून शिवाजीनगरच्या कचेरीत जायला बस, रिक्षा, स्कूटर, सायकल, मेट्रो आणि मेहुण्याची गाडी एवढे मार्ग. त्यांतला कुठला फुप्फुसांना सगळ्यात स्वस्त पडतो, ते मला शास्त्रशुद्ध ठरवायचं होतं. डब्यातला पंखा हवा आत ओढतो, तिच्यातून लेसरचा झोत जातो, आणि कणांवरून विखुरलेल्या उजेडावरून पीएम २.५ चा आकडा पडद्यावर येतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक कण, माणसाच्या केसाच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाचे. हे समजून घ्यायला एक केस समोर धरून बघावा म्हटलं. तो हिच्याकडून घ्यावा लागला. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १५ वर आणली. हे दोन आकडे मी इतके पाठ केले होते की बँकेत स्लिप भरतानाही मी खातेक्रमांकाच्या जागी ६० लिहायला निघालो होतो.

श्रीगणेशा डिसेंबरातल्या एका पहाटे गच्चीवर झाला. डबा सुरू केला आणि आकडा चढत चढत तीनशेच्या पुढे गेला! मी तडक सोसायटीच्या ग्रुपवर 'खिडक्या लावून घ्या, मुलांना बाहेर सोडू नका' असा संदेश टाकला, वर लाल गोलाची तीन चित्रं टाकली, आणि जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला परत वर पाठवू लागलो. शेवटी शेजारचे काका, जे वेधशाळेतून निवृत्त झालेले आहेत, माकडटोपी घालून वर आले. डब्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "अहो, धुकं मोजताय तुम्ही. दमट हवेत पाण्याचे थेंबसुद्धा हा धूळ म्हणूनच धरतो." तोवर सोसायटीतल्या निम्म्या पोरांची शाळा बुडाली होती. ती मला अजून मानतात.

बसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी दाराशी उभा होतो, दार उघडलं की धूर आत यायचा आणि बंद झालं की आतच राहायचा. रिक्षात जास्त शिकायला मिळालं. तिथे आपण दोन्ही बाजूंनी उघडे, आणि बसतो इतके खाली की पुढच्या ट्रकचं नळकांडं थेट नाकाशी येतं. डेक्कनच्या अलीकडे एका टेम्पोने उचल खाल्ली तसा मी डब्याकडे बघून "एकशे चाळीस!" असं ओरडलो. रिक्षावाल्याने आपल्या मीटरकडे पाहिलं, तिथे पंच्याण्णव होते. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला.

मेहुण्याच्या गाडीत तर मला स्वर्गच सापडला. "दाजी, काच वर घ्या आणि ते गोल बाणाचं बटण दाबा," म्हणजे बाहेरची हवा बंद, आतलीच फिरत राहणार. नळ स्टॉपपर्यंत आकडा दहाच्या खाली आला. आम्ही दोघांनी टाळी दिली, मग मी जांभई दिली, मग त्याने दिली. बंद डब्यात दोन माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि डोळे जड होतात, हे काकांनी नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच कळलं की मागे कोणीतरी भोंगा वाजवतंय, सिग्नल कधीचा हिरवा आहे, आणि गाडी चालवणारा माझ्या सासरचा एकुलता एक मुलगा माझ्यासोबत घोरतो आहे.

मेट्रोतही हवा छानच निघाली. इतकी छान, की उतरता आकडा कुठपर्यंत खाली येतो ते बघण्याच्या नादात सिव्हिल कोर्ट गेलं, बंडगार्डन गेलं, आणि मी रामवाडीला पोहोचलो. शेवटचं स्थानक असल्यामुळेच उतरलो. कचेरीत साहेबांना आकडा दाखवला. त्यांनी मला घड्याळ दाखवलं.

मग सायकल काढली. सायकलवर आकडा रिक्षापेक्षा कमी येत होता, म्हणून संध्याकाळी काकांकडे जाऊन छाती पुढे काढून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आमटी किती खारट हा एक प्रश्न, आणि तुम्ही किती वाट्या ओरपल्यात हा दुसरा." म्हणजे असं, की बसल्या जागी माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर हवा पुरते आणि दमून पॅडल मारणाऱ्याला त्याच्या कित्येक पट लागते, तीही तोंडाने, नाकातली चाळण चुकवून. सराईत माणूस एवढा धापा टाकत नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. वर सल्ला दिला की मोठा रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांनी जा, तिथे धूर बराच कमी असतो. सल्ला अगदी रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत शिरलो, आकडा झपाझप उतरला, झाडं काय, बंगले काय, आणि कमला नेहरू पार्क किती रम्य आहे हे मला चारही बाजूंनी पुन्हा पुन्हा बघायला मिळालं. पाव तासाचा स्वच्छ रस्ता मी इतका वेळ चालवला की एकूण आमटी कर्वे रस्त्यापेक्षा जास्तच झाली असणार.

शेवटी स्कूटरवर आलो आणि स्वतःची युक्ती काढली. चौकात, गाड्या थांबून पुन्हा उचल खातात तिथे, धूर सगळ्यात जास्त. मग तेवढा वेळ श्वासच घ्यायचा नाही! रुमाल बांधण्यात अर्थ नव्हता, त्याने धूळ अडते, हे बारीक कण अडत नाहीत. नळ स्टॉपला लाल दिवा लागला, समोर पाण्याचा टँकर, आणि मी गाल फुगवून उलटे आकडे बघू लागलो. साठ, पन्नास, चाळीस… तिशीत कानात शिट्टी वाजायला लागली, विशीत टँकरच्या पाठीवरचं 'पिण्याचे पाणी' दोनदोनदा दिसू लागलं, आणि बरोबर शून्यावर, टँकरने गिअर टाकून काळा लोट सोडला त्याच क्षणी, मी तोंड उघडून जन्माचा श्वास घेतला.

वाहतूक पोलिसाने मला हाताला धरून कडेला आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. तोंडावर त्याच्या काही नव्हतं, आणि सकाळपासून तो तिथेच होता. जरा आवाज फुटल्यावर मी कृतज्ञतेने डबा काढून त्याच्यापुढे धरला.

"नका दाखवू," तो म्हणाला. "मला अजून संध्याकाळपर्यंत इथंच थांबायचंय."

मग त्याची नजर स्कूटरकडे गेली. ती सुरूच होती आणि मागून निळसर धूर निघत होता. त्यानेही खिशातून एक यंत्र काढलं, माझ्या गाडीचा नंबर टाकला आणि पीयूसी कधी संपली ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, दमट हवेत असले आकडे कधी कधी चुकतात.

पावती मोबाईलवर आली.