ब्युटी डिश घेताना: नवशिक्यांसाठी स्वस्त मार्गदर्शन

ज्यांनी नुकताच फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूच्या स्टँडवर चढवला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अशा माणसाने त्या उजेडात घरातल्या कुणाचा तरी फोटो काढलेला असतो, ती व्यक्ती त्यात पोलिसांनी रात्री उचलून आणल्यासारखी दिसलेली असते, आणि दोष आपला नसून सामानाचा आहे हे फोटोग्राफरला एव्हाना पटलेलं असतं. खरेदीला हीच मनःस्थिती उत्तम. ती ओसरायच्या आत घराबाहेर पडावं.

आधी वस्तू ओळखायला शिका, नाहीतर दुकानदार सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढून कापड लावलेला डबा, गळ्यात मारेल. ब्युटी डिश म्हणजे पत्र्याचं उथळ, गोल भांडं. त्याच्या तळाला भोक, भोकात फ्लॅशचा बल्ब आणि बल्बच्या पुढ्यात तीन दांड्यांवर उभी केलेली छोटी तबकडी. तिला डिफ्लेक्टर म्हणतात. तिचं काम एकच, उजेडाची सरळ वाट अडवणं. उजेड तिच्यावर आपटून मागे फिरतो, भांड्याच्या आतल्या बाजूवर पसरतो आणि मग सगळ्या कडांनी चेहऱ्याकडे निघतो. त्यामुळे सावली पडते, पण तिची कड अंगावर येत नाही. गालाचं हाड आणि जबड्याची रेघ उठून दिसते. उघड्या फ्लॅशपेक्षा हा उजेड सुसह्य असतो आणि सॉफ्टबॉक्सपेक्षा करकरीत.

दिवा चेहऱ्याच्या बरोबर समोर, डोक्याच्या वर लावला की नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची छोटीशी सावली पडते. ही पद्धत हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओच्या नावाने ओळखली जाते. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्गने मार्लिन डीट्रिचला याच उजेडात पडद्यावर आणलं. १९३२ सालचा ‘शांघाय एक्स्प्रेस’ पाहा, त्याच्या छायालेखनाला ऑस्करही मिळालं. तेच काम तुम्हाला चार आकडी रकमेत, हॉलमधला सोफा सरकवून, धाकट्या चुलतबहिणीवर करायचं आहे. हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. हा उजेड त्वचेचा सगळा पोत दाखवतो. ज्या फॅशनच्या फोटोंवर भाळून तुम्ही डिश घ्यायला निघालात, त्यांच्या आधी मेकअपवाली राबलेली असते आणि नंतर रिटच करणारा. चुलतबहिणीला हे आधी सांगू नये. नंतरही सांगू नये.

आता बजेट. सुरुवात महागाकडून करा. कॅनडाच्या मोला कंपनीच्या डिश बघा, त्यांच्या आतल्या बाजूला लाटांसारखी वळणं असतात. स्वीडनच्या प्रोफोटोच्या बघा. घ्यायच्या नाहीत, नुसत्या किमती पाठ करायच्या. घरी पोचल्यावर “केवढ्याला पडली?” या प्रश्नाला “केवढे वाचवले ते विचार” असं उत्तर देता येतं, ते याच अभ्यासामुळे.

दुसरं टोक म्हणजे घरी बनवणं. त्याला ॲल्युमिनियमची परात किंवा बांधकामावरचं प्लॅस्टिकचं घमेलं लागतं. परात घेत असाल तर ती कुणाच्या रुखवतात आली होती याची चौकशी आधी करा. मधोमध भोक पाडा, आतून पांढरा मॅट रंग मारा, तीन लांब स्क्रूंवर जुनी सीडी बसवा, तिलाही रंग मारा. गंमत म्हणजे घमेल्यातून येणारा उजेड खरोखर चांगला असतो, कारण उजेडाला किंमत वाचता येत नाही. अडतं ते फ्लॅश जोडताना. चिकटपट्टी, रबर, सुतळी असं करत करत डिश स्टँडवर चढते आणि पाचव्या फोटोला मान टाकते. रंगाचा डबा, ब्रश, ड्रिलचं भाडं आणि आईला परत द्यायची नवी परात यांची बेरीज तयार डिशच्या आसपास जाते. काही पुणेकरांना कसबा पेठेतल्या तांबट आळीतून डिश ठोकून घ्यायची कल्पना सुचते. तिथल्या कामाला तोड नाही, पण तांबं उजेडाला आपला रंग देतं. चेहरा तांबूस होईल आणि बिल पाहून तुमचाही.

तेव्हा तयारच घ्या. बाजारात साधारण तीन मापं मिळतात: ४२, ५५ आणि ७० सेंटिमीटर. नवशिका ४२ची निवडतो, कारण ती स्वस्त असते आणि सॅकमध्ये जाईल असं वाटतं. ती सॅकमध्ये जात नाही. मग ती घेऊन तो चांगला दोन-अडीच मीटर लांब उभा राहतो, समोरच्याला त्रास नको म्हणून, आणि डिशमध्ये राम नाही असं जाहीर करतो. या सगळ्या सामानातली फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे अंतर, आणि नेमकी तीच कुणी घेत नाही. उजेडाचा मऊपणा डिशच्या मापावर जितका अवलंबून आहे तितकाच ती चेहऱ्यापासून किती लांब आहे यावर. डिशचा जेवढा व्यास तेवढं अंतर, फार तर त्याच्या दुप्पट. म्हणजे ५५ची डिश चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर. इतकी जवळ की तिची कड फ्रेममध्ये डोकावते आणि बसलेला माणूस “हे पडणार तर नाही ना?” असं विचारतो. त्याने विचारलं की समजावं, अंतर बरोबर आहे.

जवळ आणण्याचे आणखीही फायदे आहेत. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, या नियमाचा तोटा एरवी आपणच सोसतो, इथे तो कामाला लावता येतो. डिश दोन फुटांवर असेल तर चेहरा उजळतो आणि मागच्या भिंतीपर्यंत फारसं काही पोचत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय, शोकेसमधले कप, दाराआडून डोकावणारी शेजारची मुलं, सगळे अंधारात जातात. फ्लॅशही कमी ताकदीवर चालतो, लवकर चार्ज होतो, बॅटरी टिकते. लांब उभं राहणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. मग तो जास्त ताकदीचा फ्लॅश शोधू लागतो. दुकानं अशाच माणसांवर चालतात.

यानंतर माउंट, म्हणजे डिश फ्लॅशला जिथे बसते ती जोडणी. ब्रिटनची बोवेन्स ही फ्लॅश बनवणारी कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं एस माउंट तिच्यामागे जोरात आहे. गोडॉक्ससकट बहुतेक चिनी कंपन्यांनी ते उचललं. स्वस्त डिश घ्यायची तर बोवेन्स माउंटची घ्या, डोळे मिटून. एलिनक्रोम, प्रोफोटो, ब्रॉनकलर यांची जोडणी वेगवेगळी असते आणि “ॲडॅप्टर मिळतो की” हे वाक्य म्हणजे पुढच्या खर्चाची नांदी.

आणि आता ज्या प्रश्नापाशी हे सगळं घसरतं तो प्रश्न. तुमच्याकडे फ्लॅश कोणता आहे? कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा स्पीडलाइट असेल तर जरा थांबा. स्पीडलाइट उजेड समोर फेकायला बनवलेला असतो. त्याची ट्यूब एका चौकोनी डबीत, भिंगामागे बसलेली असते. तो डिशमध्ये खुपसला की उजेडाचा बराचसा भाग तबकडीवर जातो, तिथून परत फिरताना भांड्याच्या मधल्या भागातच घुटमळतो, आणि कडा, ज्यांच्यासाठी तुम्ही पैसे मोजले, त्या अर्ध्या अंधारात राहतात. फ्लॅशचं झूम सगळ्यात रुंद करा, वरची पारदर्शक पट्टी बाहेर काढा, जमलं तर प्लॅस्टिकचा पांढरा डोम चढवा. थोडा फरक पडतो. खरी डिश पेटते ती उघड्या बल्बवर, कारण तो चहूबाजूंनी उजेड टाकतो. स्टुडिओतला बोवेन्स माउंटचा फ्लॅश त्यासाठी बनलेलाच आहे, जुन्या बाजारातला चालतो, पण त्याला वीज लागते आणि तुमच्या डोळ्यांसमोर तर सूर्यास्त आणि सिंहगड. बाहेर जायचं तर गोडॉक्सच्या एडी-२०० सारखा बॅटरीवरचा फ्लॅश. त्याला उघड्या बल्बचं डोकं बसतं आणि एस-२ ब्रॅकेटमधून बोवेन्सची डिश लागते. म्हणजे चार हजारांच्या वस्तूला शोभेल असा फ्लॅश तिच्या कित्येक पट किमतीचा. त्याच्यासोबत कॅमेऱ्यावरून तो पेटवणारा ट्रिगर. कॅननसाठीचा ट्रिगर निकॉनवर नीट चालत नाही, हे दुकानातच लक्षात आलेलं बरं.

मुंबईकरांसाठी दुकान म्हणजे फोर्टातला बोरा बाजार. तिथे “साहेब, यही चलता है” हे कुठल्याही वस्तूबद्दल ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि तपासणीला लागा. डिश काउंटरवर पालथी ठेवा. डुगडुगली तर ती वाकलेली आहे. तबकडी मधोमध आहे का, दांड्यांचे स्क्रू हलतात का, ते बोटाने पाहा. स्वस्त डिशमध्ये पहिली गळते ती हीच तबकडी, आणि ती तिरकी झाली की चेहऱ्याची एक बाजू उगाच काळवंडते. आतल्या रंगाकडे नीट बघा. शेजारी कोरा कागद धरला की पिवळट रंगाचं पितळ उघडं पडतं. तो पिवळटपणा प्रत्येक फोटोत उतरणार. कडा हाताला लागतात का तेही बघा, त्या कुणाच्या तरी कपाळाजवळ जाणार आहेत.

आतून चंदेरी की पांढरी? चंदेरी जास्त उजेड देते आणि जास्त चुगल्याही करते. दमट हवेत, मे महिन्यात, शालू नेसलेल्या बाईच्या कपाळावर जेवढा घाम असेल तेवढा मोजून दाखवते. नथीचा प्रत्येक मोती वेगळा चमकतो, ते एक वेळ चालेल, पण नाकाचा शेंडाही त्यांच्या पंक्तीला बसतो. हळदीच्या कार्यक्रमात तर तेल आणि हळद यांच्यावर चंदेरी डिश म्हणजे कहरच. पांढरी घ्या.

सोबत दोन गोष्टी मागून घ्या: पुढून चढवायचं पांढरं कापड, म्हणजे सॉक, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, म्हणजे ग्रिड. सॉक चढवला की डिशचा गोल सॉफ्टबॉक्स होतो. पन्नाशीपुढच्या सगळ्या नातेवाइकांसाठी तो चढवावा, कारण विचारलं तर धूळ बसते म्हणून सांगावं. ग्रिडने उजेड एका जागी राहतो, भिंतीवर सांडत नाही.

घेऊन जाण्याचा विषय दुकानात कुणी काढत नाही. पत्र्याची डिश घडी होत नाही. लोकलच्या गर्दीत ती छातीशी धरून उभं राहिलं की सहप्रवासी आधी लग्नाची भांडी कुठून घेतलीत असं विचारतात, मग उतरताना शिव्या देतात. सरळ लगेजच्या डब्यात चढावं, तिथे मासळीच्या टोपल्यांशेजारी तिला मान आहे. घडीच्या कापडी डिशही मिळतात, छत्रीसारख्या उघडणाऱ्या, आत छोटी तबकडी असलेल्या. त्या खरं तर उथळ सॉफ्टबॉक्सच, उजेड थोडा मऊ. पण रोज विरारहून येणाऱ्याने त्याच घ्याव्यात, यात कमीपणा नाही.

पहिल्या दिवशी स्टँडवर डिश चढवली की पुढे वजन जातं. पायाशी वाळूची पिशवी हवी. ती नसेल तर पाच किलो कणकेची पिशवी चालते, फक्त संध्याकाळी ती स्वयंपाकघरात परत गेली पाहिजे. डिश चेहऱ्यासमोर, कपाळाच्या वर, खाली वाकवून. आता डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळोख दिसेल. तो उचलायला छातीच्या उंचीवर काहीतरी पांढरं धरा. पूर्वी गणपतीच्या मखरातला थर्माकोल उपयोगी पडायचा. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा कार्डशीट घ्या किंवा ज्याचा फोटो काढताय त्याच्याच मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. चष्मेवाल्यांच्या काचेत अख्खी डिश दिसते. डिश आणखी वर न्या किंवा चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचला. काका चष्मा काढायला तयार होणार नाहीत, त्याशिवाय त्यांना लोक ओळखत नाहीत. डोळ्यातल्या गोल चमकेच्या मध्ये काळा ठिपका दिसला तर घाबरू नका, ती तबकडी आहे.

फोटो बघून चुलतबहीण “फिल्टर लाव” म्हणाली तर लावा. तिच्याकडून पुढच्या वेळी पुन्हा बसण्याचं वचन घ्या.

इतकं वाचूनही घ्यायचीच असेल तर घ्या: ५५ सेंटिमीटर, आतून पांढरी, बोवेन्स माउंट, सॉक आणि ग्रिडसकट. आणि हातात फक्त स्पीडलाइट असेल तर यंदा डिश नको. पांढरी छत्री घ्या, डिशच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात येते, आणि तीही चेहऱ्याच्या जवळच लावा.